काळ्या मेघांसमोरचा तेजस्वी ग्रह : फोटो कसा काढायचा

गुरू किंवा शुक्र टिपणं सोपं आहे. ठिपका म्हणून तो मोबाइललाही जमतो. आकाशगंगेतले काळे मेघ टिपणं कष्टाचं असलं तरी त्याची पद्धत ठरलेली आहे. दोन्ही एकाच चौकटीत आले की अडचण वेगळीच उभी राहते. ग्रहाचा उजेड भिंगांमध्ये, फिल्टरवर आणि हवेतल्या बाष्पात पसरतो आणि जी अंधुक काळी रेघ दाखवायची तीच बुजवतो. म्हणून इथे ग्रह सांभाळण्यापेक्षा त्याचा सांडलेला उजेड सांभाळायचा असतो. लेन्स कोणती, ग्रह चौकटीत कुठे ठेवायचा, किती सेकंदांचं एक्स्पोजर, सगळं त्यावरूनच ठरतं.

कुठे आणि कधी

काळा मेघ स्वतः प्रकाशत नाही. थंड वायू आणि धुळीचा तो ढग मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवतो, आणि तारे नसलेली ती जागा आपल्याला ढगासारखी दिसते. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड इमर्सन बार्नार्ड यांनी १९१९ मध्ये अशा १८२ जागांची यादी प्रसिद्ध केली. ‘बार्नार्ड ७२’, ‘बार्नार्ड १८’ ही नावं त्यांच्याच क्रमांकांवरून पडली.

मागे ताऱ्यांची दाटी असेल तरच हे मेघ उठून दिसतात, म्हणजे ते शोधायचे आकाशगंगेच्या पट्ट्यात किंवा त्याच्या काठाला. ग्रह मात्र आयनिक वृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेला, धरून चालतात. हे वृत्त आकाशगंगेला दोनच ठिकाणी छेदतं : एकदा वृषभ-मिथुनेकडे, एकदा भुजंगधारी-धनूकडे. त्यामुळे या विषयाला कामाचे प्रदेशही दोनच.

पहिला प्रदेश वृषभेचा. कृत्तिका आणि वृषभेची शिंगं यांच्या मधोमध, रोहिणीच्या उत्तरेला, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर धुळीचं मोठं जाळं पसरलं आहे. बार्नार्ड ७, १८ आणि २२ हे त्यातले गडद भाग. महाराष्ट्रातून हा भाग जवळजवळ डोक्यावरून जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम.

दुसरा प्रदेश ज्येष्ठा आणि धनू यांच्या मधला. इथे ‘पाइप नेब्युला’ आहे. त्याची दांडी म्हणजे बार्नार्ड ५९, ६५, ६६, ६७ आणि वाटी म्हणजे बार्नार्ड ७८. एकूण लांबी सात अंशांच्या आसपास. वाटीच्या वायव्येला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळलेला बार्नार्ड ७२ आहे. तो आयनिक वृत्तापासून अर्ध्या अंशाच्याही आत असल्याने ग्रह त्याच्या अगदी शेजारून जातात. २०१९ च्या मे महिन्यात गुरू त्याच्या उत्तरेला एक-दीड अंशावर होता. पुण्याहून हा भाग जास्तीत जास्त ४८ अंश उंच चढतो. युरोपातल्या लोकांना तो क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यातच पाहावा लागतो. हंगाम मार्च ते मे, पहाटेचा. एप्रिलच्या मध्यावर रात्री दीडपासून पाचपर्यंत काम करता येतं. जूनमध्ये तो रात्रभर दिसण्याजोगा असतो, पण तोवर आपल्याकडे पाऊस आलेला असतो.

पुढच्या काही वर्षांतल्या तीन संधी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एप्रिल २०२८ च्या पहिल्या आठवड्यात शुक्र कृत्तिकांशेजारून जाईल आणि महिन्याच्या मध्यावर थेट वृषभेच्या काळ्या मेघांवरून. नोव्हेंबर २०३० च्या अखेरीस शनीची प्रतियुती आहे, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला असतो. तेव्हा तो रोहिणी आणि कृत्तिका यांच्या दरम्यान, मेघांच्या दक्षिणेला पाच-सहा अंशांवर असेल. आणि २०३१ च्या जूनच्या मध्यावर गुरूची प्रतियुती भुजंगधारी-धनूकडे आहे, म्हणजे त्याआधीच्या एप्रिल-मेमधल्या पहाटा आपल्या. चंद्र आणि मंगळाची गणितं स्टेलॅरियम या तारांगण-सॉफ्टवेअरमध्ये तारीख टाकून स्वतः पाहून घ्या. त्यातच तुमच्या कॅमेऱ्याची आणि लेन्सची मापं भरली की चौकट थेट आकाशावर उमटते.

सुरुवात शनीपासून करावी. त्याची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका कमी तितका उजेड जास्त) शून्याच्या आसपास असते, गुरूची उणे २.५ च्या आसपास आणि शुक्राची उणे ४.५ पर्यंत. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट उजेड. या हिशेबाने शुक्र गुरूच्या सहापट आणि शनीच्या साठपट तेजस्वी पडतो. जी लेन्स शनीला निमूटपणे सामावून घेते तीच शुक्रासमोर वर्तुळं, ठिपके आणि जांभळी वलयं दाखवू लागते.

जागा

मागचं आकाश आणि मेघ यांच्यातला फरक मुळातच थोडा असतो. शहराचा उजेड दोन्हींवर सारखाच चढतो आणि तो फरक दाबतो. आकाशगंगेच्या उजेडाइतकाच शहराचा उजेड वर आला, तर मेघाचा उठाव निम्म्यावर येतो. एक्स्पोजर वाढवून हे भरून निघत नाही, कारण उजेड आणि त्याची खरखर दोन्ही वाढतात.

आकाशाचा काळोख १ (सर्वात काळं) ते ९ असा मोजणाऱ्या बोर्टल मापावर ४ किंवा त्याहून कमी, आकाशाचा उजेड मोजणाऱ्या स्काय क्वालिटी मीटरवर २१ किंवा त्याहून जास्त (इथे मोठा आकडा म्हणजे काळं आकाश), अशी जागा हवी. बोर्टल ५ मध्ये पाइपची वाटी येते, वृषभेचं जाळं येत नाही. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली; भंडारदऱ्याचा परिसरही पुष्कळांना माहीत आहे. मात्र नुसता नकाशा पाहून जागा ठरवू नका. दिशा पाहा. भुजंगधारीसाठी दक्षिण आणि आग्नेय काळी हवी, शुक्राच्या संध्याकाळसाठी पश्चिम. पुण्यापासून शंभर किलोमीटर पूर्वेला गेलात तर पश्चिमेला पुण्याचाच उजेड असतो.

हवेचाही विचार करा. डिसेंबरमध्ये धरणाकाठी दव पडतं आणि गावातल्या शेकोट्यांचा धूर खाली बसून राहतो. मे महिन्यात शेतं भाजल्याचा धूर आणि समुद्राकडून येणारं बाष्प असतं. साध्या तारकागुच्छाच्या फोटोला एवढ्याने फारसं बिघडत नाही. इथे मात्र पातळ धुरकटपणासुद्धा ग्रहाभोवती अंशभराचं वलय तयार करतो. ओळखायची सोपी खूण : हात लांब धरून अंगठ्याने ग्रह झाका. भोवती दुधट उजेड उरत असेल तर त्या रात्री ग्रहाची चौकट सोडून दुसरं काही टिपावं.

उपकरणं

सर्वात कामाची लेन्स १३५ मिमीची, एफ/२ किंवा एफ/२.८, नाभीय अंतर ठरलेली म्हणजे झूम नसलेली. एपीएस-सी सेन्सरवर ती साधारण १० बाय ६.५ अंशांचं आकाश देते, फुल-फ्रेमवर १५ बाय १०. पाइपची दांडी, वाटी आणि गुरू यांत एकत्र बसतात. बार्नार्ड ७२ एकटा हवा असेल तर तो अर्ध्या अंशाएवढाच आहे. ३०० ते ५०० मिमी लागेल. ५० मिमीच्या लेन्सने संपूर्ण परिसर छान येतो, पण ग्रह नुसता एक फुगलेला तारा दिसतो.

लेन्स पूर्ण उघडी ठेवू नका. एफ/२ ची लेन्स एफ/२.८ वर आणली की कोपऱ्यातले तारे सुधारतात आणि ग्रहाभोवतीचं जांभळं वलय बरंच कमी होतं. मात्र आतल्या पात्यांनी छिद्र लहान केलं की त्यांच्या कोनांमुळे ग्रहातून किरणं फुटतात, आणि ती नेमकी मेघावरून जातात. त्यावर स्वस्त उपाय आहे : लेन्स पूर्ण उघडी ठेवायची आणि पुढे स्टेप-डाउन रिंगा, म्हणजे समोरचं तोंड लहान करणाऱ्या कड्या, लावायच्या. १३५ मिमीच्या लेन्ससमोर ४९ मिमीची रिंग आली की छिद्र गोल राहतं आणि हिशेब एफ/२.८ च्या जवळ पडतो. ७७ मिमीच्या धाग्यावरून ४९ वर एका उडीत येणारी रिंग सहसा मिळत नाही. दोन-तीन जोडाव्या लागतात. कोपरे थोडे जास्त काळवंडतील, ते फ्लॅटमध्ये, म्हणजे एकसारख्या उजळ पडद्याच्या फोटोंवरून केलेल्या दुरुस्तीत, निघतं.

दुर्बीण वापरत असाल तर ती भिंगांची घ्या. न्यूटनी दुर्बिणीत दुय्यम आरसा धरणाऱ्या पट्ट्यांमुळे ग्रहाला चार लांब किरणं फुटतात. काहींना ती आवडतात. मेघ दाखवायचा असेल तर ती अडथळाच आहेत.

फिल्टर काढून ठेवा, संरक्षणासाठी लावलेली यूव्हीची काचसुद्धा. प्रत्येक सपाट काच ग्रहाचं एक प्रतिबिंब तयार करते. शहराचा उजेड कापणारे फिल्टर इथे दुहेरी नुकसान करतात : प्रतिबिंब आणतात आणि मेघामागच्या ताऱ्यांचाच उजेड कापतात. हायड्रोजन-अल्फासारख्या अरुंद पट्ट्याच्या फिल्टरला तर इथे कामच नाही, कारण काळ्या मेघाकडून तसा प्रकाश येतच नाही.

बाकी सामान : तारे अनुसरणारा ट्रॅकर किंवा माउंट, पक्की तिपाई, दव रोखणारी हीटर पट्टी, दोन पॉवर बँक, इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक अंतराने आपोआप फ्रेम घेणारं यंत्र), बाख्तिनोव्ह मुखवटा (फोकस जुळवण्यासाठी लेन्ससमोर लावायची खाचांची जाळी). हीटर पट्टी दव पडायच्या आधी चालू करायची. एकदा काच ओली झाली की तिथून पुढच्या फ्रेम वाया गेल्या असं समजा.

ध्रुव आणि फोकस

आपल्याकडे ध्रुवतारा फक्त १७ ते २१ अंशांवर असतो. डोंगराची धार, झाड किंवा धुरकट हवा त्याला सहज झाकते, म्हणून उजेड असतानाच होकायंत्राने उत्तर पाहून तिपाई मांडा. काही माउंट इतक्या कमी अक्षांशाला झुकताना त्यांचा स्क्रू किंवा वजनाचा दांडा तिपाईला अडतो. हे घरीच तपासा. ध्रुव जुळवण्यात १० कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा) चूक राहिली तर तारे मिनिटाला जास्तीत जास्त अडीच विकला सरकतात. १३५ मिमी आणि ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर एक पिक्सेल म्हणजे पावणेसहा विकला, त्यामुळे दोन मिनिटांच्या फ्रेमला ही चूक चालते. ४०० मिमीला चालत नाही.

फोकस ग्रहावर करू नका. बाख्तिनोव्ह मुखवट्याच्या रेघा ग्रहावर जाड आणि फुगलेल्या दिसतात, मधली रेघ नेमकी कुठे आहे ते कळत नाही. रोहिणी किंवा ज्येष्ठेवर फोकस करा, रिंग चिकटपट्टीने बांधा, मग चौकट लावा. तापमान उतरतं तसा फोकस सरकतो. तासाभराने पुन्हा पाहा. फोकस थोडा जरी हलला तरी पहिला परिणाम ग्रहाच्या निळ्या-जांभळ्या वलयावर दिसतो.

ग्रह चौकटीत कुठे ठेवायचा

बहुतेक चौकटी इथेच बिघडतात. सेन्सरवरून परतलेला उजेड लेन्सच्या मागच्या काचेवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो. हे भूत बहुधा चौकटीच्या केंद्रापलीकडे, ग्रहाच्या बरोबर समोरच्या जागी पडतं. ग्रह डावीकडे वर असेल तर ते उजवीकडे खाली. ग्रह केंद्रात ठेवला तर भूत त्याच्यावरच बसतं आणि वलय म्हणून दिसतं.

म्हणून मेघ आणि ग्रह समोरासमोर ठेवू नका. दोघे केंद्राच्या एकाच बाजूला राहतील अशी चौकट लावा. भूत मोकळ्या ताऱ्यांवर पडू द्या, तिथून ते काढता येतं. त्यासाठी कॅमेरा त्याच्या अक्षाभोवती फिरवावा लागला तर फिरवा; आडवी चौकट उभी केली की पुष्कळदा सुटका होते. खरं काम सुरू करण्यापूर्वी ग्रह पाळीपाळीने केंद्रात आणि चारही कोपऱ्यांजवळ ठेवून ३० सेकंदांच्या पाच फ्रेम घ्या आणि त्या पडद्यावर जोरात उजळून पाहा. तुमची लेन्स भूत कुठे टाकते ते दहा मिनिटांत कळतं आणि ते कायमचं ज्ञान आहे.

ग्रह चौकटीच्या अगदी बाहेर ठेवून सुटका होत नाही. बाहेर अंशभरावर असलेला गुरू लेन्सच्या कडेवर उजेड मारून चौकटीत तिरपा पट्टा आणतो, तो काढणं आणखी अवघड.

एक्स्पोजर

दोन वेगळे संच घ्यायचे : एक मेघासाठी, एक ग्रहासाठी.

मेघासाठी एफ/२.८, आयएसओ ८०० ते १६००, प्रत्येकी ६० ते १२० सेकंद, रॉ फाइल. हिस्टोग्रामचं, म्हणजे उजेडाच्या आलेखाचं, शिखर डाव्या कडेपासून एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर आणा. त्याहून लांब एक्स्पोजरने मेघ जास्त काळा होत नाही. फक्त ग्रहाभोवतीचा जळालेला भाग आणि रंग गमावलेले तारे वाढतात. एकूण वेळ बोर्टल ४ मध्ये किमान दोन तास, वृषभेच्या जाळ्यासाठी चार तास. दर तीन-चार फ्रेमनंतर चौकट दहा-पंधरा पिक्सेल हलवा, म्हणजे डिदरिंग करा. ते केलं नाही तर कलर सेन्सरवर तिरपी खरखर साचते आणि उजळल्यावर ती धुळीच्या धाग्यांसारखी दिसते. अशा खोट्या धाग्यांना खरे समजून रंगवलेले फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत.

ग्रहासाठी त्याच चौकटीत छोटे टप्पे घ्या. गुरूसाठी आयएसओ ४०० वर १/५०० सेकंदापासून सुरुवात करून १/६०, १/८, १ आणि ४ सेकंद. प्रत्येकी दहा फ्रेम. १/५०० मध्ये बिंबाची चकती येते. ती १३५ मिमीवर सात-आठ पिक्सेलचीच असते, पट्टे दिसण्याची अपेक्षा नको. १ सेकंदात गुरूचे चारही मोठे चंद्र येतात; कॅलिस्टो कधी कधी दहा कला दूर असतो, तो सुटा दिसतो, आयो मात्र उजेडात बुडतो. ४ सेकंदांच्या फ्रेममध्ये जुळवणीपुरते तारे मिळतात, म्हणून ती टाळू नका. शुक्रासाठी पहिला टप्पा आयएसओ १०० वर १/२००० किंवा त्याहूनही कमी.

शुक्राचं गणित वेगळं

एप्रिल २०२८ मध्ये ९ तारखेच्या आसपास पौर्णिमा आणि २४ च्या आसपास अमावास्या आहे. १२-१३ तारखेपासून संध्याकाळ चंद्राविना मिळते, म्हणजे शुक्र मेघांवरून जातानाचेच दिवस अंधारे आहेत. अडचण वेळेची. पुण्यातून एप्रिलच्या मध्यावर संधिप्रकाश पूर्ण संपायला आठ वाजून जातात. तेव्हा शुक्र २७ अंशांवर असतो, तासाभरात १४ अंशांवर येतो. खाली जाड हवा आणि धूर. हाती लागतो जेमतेम पाऊण तास, आणि तेवढ्यात वृषभेचं जाळं येत नाही.

त्यामुळे मेघाचा थर आधीच घेऊन ठेवा. २०२७ च्या डिसेंबरात किंवा २०२८ च्या जानेवारीत, जाळं डोक्यावर असताना, तीच लेन्स, तीच चौकट आणि कॅमेऱ्याचा तोच कोन ठेवून चार-पाच तास जमवा. चौकटीचं केंद्र ठरवताना एप्रिलमधली शुक्राची जागा धरा. एप्रिलच्या संध्याकाळी मग शुक्र आणि भोवतीचे तारे यांच्या ३० ते ६० सेकंदांच्या वीसेक फ्रेम आणि छोट्या एक्स्पोजरचे टप्पे पुरतात. तेव्हा शुक्र अर्ध्याहून कमी उजळलेला असेल. छोट्या एक्स्पोजरमध्ये त्याची कोर जेमतेम ओळखू येते.

दोन वेगळ्या रात्रींचे थर जोडले तर फोटोखाली तसं लिहा, तारखांसह. ग्रहाची जागा मात्र त्या एका संध्याकाळी ताऱ्यांमध्ये होती तीच ठेवा. सोयीसाठी तो मेघाच्या मधोमध सरकवला की फोटो खोटा झाला, आणि ओळखणारे ओळखतात : स्टेलॅरियम सगळ्यांकडे आहे.

फ्लॅट घेतल्याशिवाय निघू नका

लेन्सच्या कडेचा काळवंडलेला भाग आणि काळा मेघ उजळलेल्या फोटोत सारखेच दिसतात. सेन्सरवरच्या धुळीचा डाग तर छोट्या बार्नार्ड मेघाची हुबेहूब नक्कल करतो. म्हणून इतर फोटोंत फ्लॅटवाचून एक वेळ निभावेल, इथे नाही. फोकस आणि छिद्र तसंच ठेवून, लेन्ससमोर पांढरं कापड ताणून आणि त्यावर टॅब्लेटचा पांढरा पडदा धरून ३० फ्लॅट घ्या, हिस्टोग्राम मधोमध. त्याच शटर-वेगाने झाकण लावून ३० डार्क-फ्लॅट. मेघाच्या एक्स्पोजरचे २० डार्क, म्हणजे झाकण लावून घेतलेल्या फ्रेम, शक्य तितक्या त्याच तापमानाला. ते जागेवरच, सामान आवरताना होतात. स्टेप-डाउन रिंग फ्लॅट होईपर्यंत काढू नका.

थर जुळवणं

फ्रेम जुळवणारं सॉफ्टवेअर सिरिल मोफत आहे आणि पुरेसं आहे. मेघाच्या फ्रेम ताऱ्यांवर जुळवून सिग्मा रिजेक्शनने (सरासरीपासून फार वेगळे पिक्सेल वगळून) एकत्र करा. यात ग्रह बिघडतो, कारण तो ताऱ्यांच्या तुलनेत सरकत असतो. प्रतियुतीजवळचा शनी तासाला बारा विकला, गुरू वीस विकला. १३५ मिमीवर हे अनुक्रमे दोन आणि साडेतीन पिक्सेल, म्हणजे चालण्याजोगं. एप्रिलमधला शुक्र तासाला जवळजवळ दोन कला सरकतो, म्हणजे वीस पिक्सेल. तिथे बिंबाचा सॉसेज होतो आणि रिजेक्शन त्याचे लचके तोडतं. काळजी नको. या थरातला ग्रह आपण वापरणारच नाही.

छोट्या टप्प्यांचे संच वेगवेगळे एकत्र करा. ४ सेकंदांचा संच ताऱ्यांवरून मेघाच्या थराशी जुळवा, बाकीचे टप्पे त्या संचातल्या ग्रहाशी. हे सगळे टप्पे पाच-सात मिनिटांत घेतलेले असावेत, नाहीतर गुरूचे चंद्र एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रक्रिया

पहिली पायरी उताराची : क्षितिजाकडून वर येणारा उजेड काढणं. ग्राएक्सपर्ट हे सॉफ्टवेअर किंवा सिरिलमधलं साधन वापरा, पण पार्श्वभूमी मोजायचे नमुना-बिंदू हाताने ठेवा. स्वयंचलित बिंदू काळ्या मेघावर पडले की सॉफ्टवेअर त्यालाच पार्श्वभूमी समजतं आणि पुसून टाकतं. बिंदू दाट ताऱ्यांच्या भागात ठेवा. मेघावर आणि ग्रहाच्या दोन-तीन अंश परिसरात एकही नको. काढून टाकलेल्या पार्श्वभूमीचं चित्र वेगळं उघडून पाहा. ते गुळगुळीत असायला हवं. त्यात पाइपचा आकार दिसत असेल तर तुम्ही पाइपच काढून टाकला आहे.

मग ताऱ्यांच्या नोंदींवरून रंगांची जुळवणी. त्यानंतर ग्रहाची जागा भोवतालच्या सरासरी रंगाने तात्पुरती बुजवा आणि मगच स्टारनेट हे सॉफ्टवेअर चालवून तारे वेगळे करा. ग्रह तसाच ठेवून स्टारनेट चालवलं तर ते त्याला अर्धवट तारा, अर्धवट ढग समजतं आणि भोवती चौकोनी डाग सोडतं.

आता ग्रहाचं वलय. तारे काढलेल्या चित्रात ग्रहाच्या मध्यापासून ठरावीक अंतरांवर, समजा ५०, १००, २००, ४०० पिक्सेलवर, मेघ नसलेल्या बाजूची उजळता मोजा. त्या आकड्यांवरून गोल ग्रेडियंटचा थर करा आणि तो वजा करा. पूर्ण नव्हे, सत्तर-ऐंशी टक्के. सगळं वलय काढलं की ग्रह कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. तेजस्वी वस्तूभोवती थोडा उजेड डोळ्याला अपेक्षितच असतो. वजाबाकीनंतर ग्रहाभोवती मेघाहूनही काळं कडं उमटलं तर प्रमाण कमी करा.

उजळणी टप्प्याटप्प्याने करा. सिरिलमधलं जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच हे उजळणीचं साधन हातात राहतं. मेघ शुद्ध काळा करू नका. धूळ निळा उजेड जास्त अडवते, त्यामुळे मेघाच्या कडा तपकिरी दिसायला हव्यात आणि गाभ्यातही थोडा उजेड राहायला हवा. गाभा आकड्यात शून्यावर गेला तर तिथली माहिती तुम्हीच फेकली. ज्येष्ठेच्या बाजूला पिवळा आणि निळा परावर्तित प्रकाश आहे, तो खराच आहे. वृषभेचं जाळं मात्र फिकं तपकिरी असतं, तिथे निळे झोत दिसू लागले तर सॅच्युरेशन मागे घ्या.

शेवटी तारे परत मिसळा, थोडे मंद करून. मग ग्रहाचे टप्पे मोठ्या एक्स्पोजरपासून छोट्याकडे, प्रत्येकाला मऊ कडेचा गोल मास्क देऊन. चंद्र १ सेकंदाच्या थरातून, चकती सर्वात छोट्या थरातून.

बिघाड आणि त्यांची कारणं

ग्रहाच्या समोरच्या बाजूला फिकट हिरवी किंवा लाल चकती : भूत. पुढच्या वेळी चौकट फिरवा. या वेळी ती चकती वेगळी निवडून वजा करा.

सगळ्या फ्रेममध्ये वलय हळूहळू वाढत गेलं : दव किंवा वर चढणारा धूर. फ्रेम क्रमाने पाहा आणि वलय वाढू लागलं तिथून पुढच्या टाकून द्या. चांगल्या ऐंशी फ्रेम मिश्र दीडशेंपेक्षा बऱ्या.

ग्रहाभोवती बारीक ठिपक्यांची जाळी : उजेड सेन्सरवरच्या सूक्ष्म भिंगांत आणि समोरच्या काचेत फिरल्याचा परिणाम. काही सेन्सरवर तो हटतच नाही. त्या कॅमेऱ्याने शनी करा, शुक्र नको.

चारही कोपऱ्यांत काळे मेघ : फ्लॅट जुळले नाहीत. फोकस हलल्यावर घेतले असतील किंवा रिंग काढली गेली असेल.

मेघ दिसतो, पण बार्नार्डच्या जुन्या छायाचित्रांत किंवा अलाडिन या आकाश-नकाशाच्या सॉफ्टवेअरवरच्या सर्वेक्षणात त्या जागी काहीच नाही : तो मेघ नाही. उतार काढण्याच्या पायरीवर परत जा. फोटो कुणाला दाखवण्यापूर्वी ही तुलना नेहमी करावी. चौकट अलाडिनमध्ये उघडून दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की पाच मिनिटांचं काम आहे.